हॉटेलची लाइन : लाज कसली आणि वाट कोणती?



यंदा महाशिवरात्रीच्या जत्रेला आम्ही मार्कंड्याला गेलो होतो. हंगाम उतरणीला लागलेला, बहुतेकांची तोडणी उरकत आलेली. त्यामुळे आपल्या भागातले बरेच सभासद बायकामुलांसह आले होते. आपल्या शेतांजवळून वाहणारी वैनगंगा खाली मार्कंड्याला पोचली की उत्तरेकडे वळते. या उत्तरवाहिनी वळणावरच चामोर्शी तालुक्यातले हे जुने दगडी देवालय उभे आहे. अलीकडच्या काठाला गडचिरोली जिल्हा, पलीकडच्याला चंद्रपूर. देवळाच्या भिंतींवर इतके कोरीव काम आहे की लोक याला विदर्भाचे खजुराहो म्हणतात. यमाच्या फासातून सुटलेल्या मार्कंडेय ऋषींचे हे ठिकाण. म्हणून जत्रेत हवशे-नवशे असतात तसे मुलाबाळांच्या आयुष्यासाठी काही मागायला आलेले आईबापही पुष्कळ असतात.

दुसऱ्या दिवशी उपवास सोडायची पंगत आपल्याच गावकऱ्यांनी वाळवंटात घातली होती. आलू-वांग्याची भाजी, वरण, भात, पोळी आणि बुंदी, साधाच बेत. वाढणारी पोरे दहा-बारा होती, पण आमची नजर एकावरच पुन्हा पुन्हा जात होती. पोरगा चोवीस-पंचवीसचा. ना धावपळ, ना आरडाओरडा. आधी म्हातारी माणसे, मग लेकुरवाळ्या बाया, मग बाकीचे, अशी त्याची वाढण्याची रीत. एका आजीबाईचा हात थरथरत होता, तर त्याने वरणाची वाटी अर्धीच भरली आणि थोड्या वेळाने न विचारता पुन्हा अर्धी भरून दिली. कोणाला पाणी हवे हे त्याला मागण्याआधी कळत होते. पंगत उठली तेव्हा पत्रावळी गोळा करायला तोच पुढे.

"हा कोणाचा पोरगा जी?" आम्ही शेजारच्या सभासदाला विचारले.

त्याने बोट दाखवले. मुलाचे वडील आमच्याच रांगेत बसले होते. तीन एकर ऊस, एक विहीर, दोन मुली, हा एक मुलगा. आमच्या ओळखीचे सभासद. आम्ही म्हणालो, "काय करते जी तुमचा पोरगा?"

ते जरा घुटमळले. म्हणाले, "मुंबईले हाय. कंपनीत."

तेवढ्यात मुलगा जवळ आला होता. तो हसून म्हणाला, "बाबा, सांगा ना हॉटेलात हाय म्हणून. चोरी थोडीच करतो!"

मग उलगडा झाला. मुलगा मुंबईच्या एका पंचतारांकित हॉटेलात जेवणाच्या विभागात तिसरे वर्ष काम करतो. पगार वेळेवर घरी येतो. विहिरीवरचा नवा पंप त्याच पैशाचा. पण वडिलांनी तीन वर्षे गावात 'कंपनीत आहे' एवढेच सांगितले. कारण काय? "लोक म्हणतात, हॉटेलात म्हणजे कपबशा धुते. पोरीचं लग्न व्हायचं हाय जी. सोयरे काय म्हणतील?"

त्या दिवशी वाळूत बसून दोन तास याच विषयावर बोलणे झाले. आणखी चार-पाच सभासद येऊन बसले. त्यातल्या एकाची गोष्ट तर फार निकडीची निघाली, ती पुढे सांगतोच. तेव्हाच ठरवले की हा विषय पत्रिकेत घ्यायचा. नवी उसाची जात आली की आपण तिची माहिती छापतो. मग आपल्या पोरांपुढे नवी वाट आली तर तिचीही छापायला हवी.

लाज कोणाची?

प्रथम या लाजेचाच विचार करू. आपल्याकडे पाहुणा आला की आपण काय करतो? पाय धुवायला पाणी, बसायला घोंगडी, घरात असेल ते पानात. घरधनीण स्वतः वाढते, आग्रह करते. यात कोणाला लाज वाटत नाही, उलट कोणी उपाशी गेला तर लाज वाटते. हेच काम नीट शिकून, पगार घेऊन, परक्या माणसासाठी केले की ते हलके कसे होते?

जगात ज्याच्या नावाने आलिशान हॉटेलची ओळख सांगतात तो सेझार रिट्झ कोण होता? स्वित्झर्लंडमधल्या निडरवाल्ड नावाच्या डोंगरी खेड्यातल्या गरीब शेतकऱ्याचा मुलगा. १८५० साली जन्मलेला, तेरा भावंडांत शेवटचा. पंधराव्या-सोळाव्या वर्षी त्याला एका हॉटेलात उमेदवारीला ठेवले, तर मालकाने 'तुला हा धंदा जमायचा नाही' म्हणून काढून टाकले. त्याच मुलाने पुढे लंडनचे सॅव्हॉय चालवले आणि १८९८ साली पॅरिसला स्वतःच्या नावाचे हॉटेल उघडले. बूट पुसण्यापासून वाढप्यापर्यंत सगळी कामे त्याने केली होती.

आपल्या देशातले मोहनसिंग ओबेरॉय घ्या. १९२२ साली सिमल्याच्या सेसिल हॉटेलात ते महिना पन्नास रुपयांवर कारकून म्हणून लागले. बारा वर्षांनी, १९३४ साली, बायकोचे दागिने आणि होते नव्हते ते गहाण ठेवून त्यांनी सिमल्याचे क्लार्क्स हॉटेल घेतले. पुढचा ओबेरॉय हॉटेलांचा पसारा त्यातून वाढला.

आणखी जवळ या. मुंबईचे ताजमहाल हॉटेल १९०३ साली सुरू झाले. जमशेटजी टाटांची ही इमारत उभी करण्यात रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य या मराठी वास्तुतज्ज्ञाचा मोठा वाटा होता. त्याच ताजच्या मुदपाकखान्यात गोव्याचे मिगेल आर्कान्जो मास्कारेन्हास अगदी खालच्या पायरीवर लागले आणि मुख्य शेफच्या खुर्चीपर्यंत पोचले. 'मास्की' या नावाने ते प्रसिद्ध झाले, आणि त्यांच्या हाताखाली शेफांची एक पिढी तयार झाली. कारवारकडून मुंबईला आलेले व्यंकटेश कामत हॉटेलात पडेल ते काम करत वर आले. त्यांचे चिरंजीव विठ्ठल कामत यांनी इडली-डोशाच्या धंद्यापासून सुरुवात करून मुंबईच्या विमानतळाजवळ 'ऑर्किड' हे पंचतारांकित हॉटेल उभे केले. आपल्या वाटचालीवर त्यांनी मराठीत पुस्तकही लिहिले आहे.

प्रत्येक पोरगा ओबेरॉय होईल असे आम्ही म्हणत नाही. प्रत्येक सभासद तरी कुठे चेअरमन होतो! पण या धंद्यात खालून वर जायची शिडी आहे एवढे यावरून दिसते.

मोठे हॉटेल चालते कसे?

मोठे हॉटेल म्हणजे आपल्या कारखान्यासारखेच एक यंत्र आहे. आपल्याकडे शेतकी विभाग, मिल हाउस, बॉयलिंग हाउस, गोदाम, हिशेब असे विभाग असतात. तसे तिथे चार मुख्य विभाग असतात.

पहिला फ्रंट ऑफिस. आलेल्या पाहुण्याचे स्वागत, नोंदणी, खोली देणे, तक्रार ऐकणे आणि शेवटी बिल करणे, हे सारे इथे होते. भाषा, स्मरणशक्ती आणि डोके थंड ठेवण्याची सवय लागते.

दुसरा हाउसकीपिंग, म्हणजे खोल्यांची व्यवस्था. साधारण मोठ्या हॉटेलात एक माणूस एका पाळीत बारा ते सोळा खोल्या करतो. जितके हॉटेल महाग तितक्या खोल्या कमी आणि काम बारीक. चादरीचा कोपरा कसा दुमडायचा, आरशावर डाग राहिला का, हे एकेक तपासले जाते. काम कष्टाचे आहे, पण हॉटेलची अब्रू याच विभागावर असते.

तिसरा किचन. इथे हुद्द्यांची उतरंड पक्की आहे. सर्वांत खाली कॉमी, मग डेमी शेफ, मग एकेका विभागाचा शेफ द पार्टी, त्यावर सू शेफ आणि सर्वांत वर एक्झिक्युटिव्ह शेफ. ही नावे फ्रेंच आहेत. रिट्झचा जोडीदार ऑग्युस्त एस्कॉफिए या शेफने स्वयंपाकघराला पलटणीसारखी ही शिस्त लावली. कॉमी झालेला मुलगा पहिले काही महिने कांदे आणि भाज्याच चिरतो. आपला पॅनमन रस शिजताना दाणा कधी धरला हे बोटांनी ओळखतो ना? तो काही पहिल्या दिवशी पॅनवर बसलेला नसतो. तसेच हे.

चौथा फूड अँड बेव्हरेज सर्व्हिस, म्हणजे वाढपाचा विभाग. आपल्या पंगतीत वाढणारा मुलगा याच विभागातला. "आमच्याकडे शिकवतात, पाहुण्यानं मागण्याच्या आधी त्याच्याकडे पाहा," तो म्हणाला. ते आम्ही वाळवंटात डोळ्यांनी पाहिलेच होते.

आणखी एक सारखेपणा आपल्या लोकांना चटकन पटेल. तोडलेला ऊस पडून राहिला की वजन घटते, उतारा घटतो, म्हणून तो चोवीस तासांत गव्हाणीत पडावा अशी आपली धडपड असते. हॉटेलच्या खोलीचेही तसेच. आज रात्री खोली रिकामी राहिली तर ती रात्र उद्या विकता येत नाही. म्हणून हॉटेलला सण नाही, रविवार नाही. आणि हंगामही आहेच. आपल्याकडे गाळप पावसाळ्यानंतर सुरू होते, तसा ताडोबाचा गाभा-भाग जुलै ते सप्टेंबर बंद राहून ऑक्टोबरात उघडतो, आणि जंगलाभोवतालच्या रिसॉर्टांचा हंगाम त्याच्याशी बांधलेला असतो.

आपल्या दाराशी काय आहे?

ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९९५ साली ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प झाला. आज मोहर्ली, कोलारा, नवेगाव या प्रवेशद्वारांच्या आसपास रिसॉर्टे उभी आहेत. त्यांतली काही इतकी महाग आहेत की तिथल्या एका रात्रीच्या भाड्यात आपल्याकडे बैलाच्या चाऱ्याचा महिना निघेल. देशोदेशीचे पाहुणे येतात. चंद्रपूर-गडचिरोलीच्या पोरांसाठी हा धंदा आता मुंबई-दिल्लीचा राहिला नाही, घराशी आला आहे.

आम्ही त्या भागातून येता-जाता चौकशी करतो तेव्हा एक गोष्ट खटकते. फाटकावर, बागेत, गाडीवर, भटारखान्यात हाताखाली आपली पोरे दिसतात. पण टेबलामागे बसलेला, हिशेब पाहणारा, पाहुण्याशी इंग्रजीत बोलणारा माणूस बहुधा बाहेरून आलेला असतो. यात कोणाचा दोष काढायचा नाही. त्याने शिक्षण घेतले आहे, आपल्या पोराने घेतलेले नाही. जंगल कोणते, पाखरू कोणते, मोहाचा हंगाम कोणता, हे आपल्या पोराला कोणीही शिकवायला नको. त्यावर शिक्षणाची जोड मिळाली तर तो फाटकावरून टेबलामागे जाईल.

खेड्यातल्या पोराला घेतील का?

वाळवंटात बसलेल्या एका मायमाऊलीने हाच प्रश्न विचारला. "आमच्या पोरांले इंग्रजी येत नाई, मोठ्या हॉटेलवाले कायले घेतील?"

याचे उत्तर एका अभ्यासात सापडते. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईत ताजवर अतिरेक्यांचा हल्ला झाला. त्या रात्री हॉटेलच्या नोकरांनी पळून न जाता पाहुण्यांना बाहेर काढले. किचनच्या माणसांनी पाहुण्यांभोवती कडे केले. अकरा कर्मचारी प्राणाला मुकले. पळायच्या वाटा या लोकांना सर्वांत आधी ठाऊक होत्या, तरी ते थांबले. हे कसे घडले याचा अभ्यास अमेरिकेतल्या हार्वर्डचे प्राध्यापक रोहित देशपांडे यांनी केला आणि २०११ साली तो प्रसिद्ध झाला. त्यात आढळले ते असे. ताज आपली माणसे मोठमोठ्या शहरांपेक्षा लहान शहरांतून आणि निमशहरी भागातून शोधत होते. निवडताना गुणांपेक्षा स्वभाव पाहिला जाई. वडीलधाऱ्यांचा मान ठेवतो का, हसतमुख आहे का, घराला त्याच्या कमाईची गरज आहे का, हे पाहिले जाई. आणि इतर हॉटेले बारा महिने शिकवत तिथे ताज अठरा महिने शिकवत असे.

मंडळी, यातला अर्थ नीट ध्यानात घ्या. वडीलधाऱ्यांचा मान आणि घराची जाण, या गोष्टी आपल्या पोरांना घरातच मिळतात. इंग्रजी शिकता येते. एखाद्या म्हातारीचा थरथरता हात पाहून वाटी अर्धी भरावी, हे शिकवणे फार कठीण.

मात्र इंग्रजीचा आळस नको. पंगतीतल्या त्या मुलाने सांगितले की पहिले सहा महिने तो रोज रात्री आरशापुढे वीस वाक्ये मोठ्याने बोलत असे. सोबतची पोरे हसत. आता तीच पोरे त्याच्याकडून अर्ज लिहून घेतात.

शिक्षण कुठे आणि कसे?

मुलगा किंवा मुलगी बारावी झाली असेल, शाखा कोणतीही चालेल पण इंग्रजी विषय हवा, तर हॉटेल व्यवस्थापनाचा तीन वर्षांचा पदवी अभ्यासक्रम करता येतो. यासाठी १९८२ साली केंद्राने राष्ट्रीय हॉटेल व्यवस्थापन परिषद स्थापन केली. तिच्याशी जोडलेल्या देशभरातल्या संस्थांसाठी 'एनसीएचएम जेईई' ही एकच प्रवेशपरीक्षा असते. मुंबईत दादरला असलेली संस्था या क्षेत्रात देशातली पहिली. १९५४ साली लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने ती सुरू झाली. पुण्याला शिवाजीनगरात राज्य शासनाची संस्था आहे. छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादला, १९८९ साली ताज समूहाच्या सहकार्याने हॉटेल व्यवस्थापनाची संस्था निघाली. या शिक्षणात एक सत्र प्रत्यक्ष हॉटेलात काम करावे लागते. तिथे चांगले काम केलेल्या मुलाला हॉटेलवाले लक्षात ठेवतात.

तीन वर्षांचा खर्च झेपत नसेल तर आयटीआय आहे. तिथे अन्न तयार करणे, वाढप, फ्रंट ऑफिस, हाउसकीपिंग असे एक वर्षाचे ट्रेड असतात. कोणत्या आयटीआयमध्ये कोणता ट्रेड चालू आहे हे तालुक्याला जाऊन विचारावे. अन्नकला संस्थांचे साधारण दीड वर्षाचे पदविका अभ्यासक्रमही असतात. या वाटेने गेलेला मुलगा खालच्या पायरीवर लागेल, पण शिडी तीच.

खाजगी कॉलेजे खूप निघाली आहेत. त्यांतली काही चांगली आहेत, काहींत नुसता कोट-टायचा फोटो आहे. पैसे भरण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात. पदवी कोणत्या विद्यापीठाची? शिकवायला स्वतःचे किचन आहे का, की नुसता फळा? प्रात्यक्षिकाला मुले कोणत्या हॉटेलात जातात? आणि मागच्या वर्षी पास झालेल्या दोन मुलांशी आम्हाला बोलू द्याल का? चौथ्या प्रश्नाला जो टाळाटाळ करील त्याच्या दारातून परत फिरावे.

एक एकर आणि एक कागद

आता ती निकडीची गोष्ट. वाळूत आमच्यासोबत बसलेल्या दुसऱ्या एका सभासदाने खिशातून घडी केलेला कागद काढला. त्यांच्या मुलाला मोठ्या प्रवासी जहाजावर हॉटेल विभागात नोकरी लावून देतो असे एका एजंटाने सांगितले होते. रक्कम मोठी होती. त्यासाठी विहिरीलगतचा एक एकर गहाण टाकायचे ठरले होते. सावकाराशी बोलणे झाले होते. जत्रा आटोपून सोमवारी कागद करायचा होता.

पंगतीतल्या मुलाने कागद वाचला. पहिल्यांदा काही बोलला नाही. मग म्हणाला, "काका, यात जहाजाच्या कंपनीचं नाव नाई. परवान्याचा नंबर नाई. पगार लिहिला हाय, पण देणार कोण हे लिहिलं नाई."

तो जे सांगत गेला त्याची आम्ही नंतर खातरजमा केली. ती सर्व सभासदांच्या उपयोगाची आहे, म्हणून इथे देतो.

जहाजावर माणसे भरणाऱ्या कंपनीला केंद्राच्या नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल परवाना लागतो. अशा परवानाधारकाने नोकरीसाठी खलाशाकडून पैसे घेणे नियमाने मना आहे. जहाजावर जाणाऱ्याला सुरक्षिततेचे मूळ प्रशिक्षण आणि सीडीसी नावाचे पुस्तक लागते. आखाती किंवा इतर देशांत जमिनीवरच्या हॉटेलात पाठवणारा एजंट परराष्ट्र खात्याकडे नोंदलेला असावा लागतो. त्याची नोंद 'ई-मायग्रेट' या सरकारी जाळ्यावर तपासता येते. अशा एजंटाला सेवाशुल्क म्हणून तीस हजार रुपये आणि त्यावरचा कर याहून अधिक घेता येत नाही. पाहुणा म्हणून फिरायला जाण्याच्या व्हिसावर कामाला पाठवतो असे कोणी म्हणाला, तर तो सापळा समजावा.

त्या सभासदाने सोमवारी कागद केला नाही. एजंटाला परवान्याचा नंबर विचारला, तर त्याने फोन उचलणेच बंद केले. एकर वाचला. पण खरे सांगायचे तर मुलगा अजून घरीच आहे आणि रुसलेला आहे. "बाबांनं माझं जहाज बुडवलं," असे तो म्हणतो. त्याला समजावण्याचे काम चालू आहे. आयटीआयचा अर्ज आणून ठेवला आहे.

कडू बाजूही पाहा

नुसते गोड सांगितले तर आम्ही आणि एजंट यांत फरक काय राहिला? म्हणून कडू बाजूही सांगतो.

पहिली तीन-चार वर्षे पगार बेताचा असतो. मुंबई-पुण्यात खोलीभाडे त्यातला मोठा तुकडा खाते. काम उभ्याने, पाळ्यांचे, कधी दहा-बारा तासांचे. दिवाळीला, पोळ्याला, गावच्या मंडईला घरी येता येत नाही, कारण लोकांची सुट्टी ती यांची गर्दी. पाहुणा कधी विनाकारण चिडतो आणि हसून ऐकून घ्यावे लागते. दारू वाढावी लागते. ती पिण्याची चटक लागलेली पोरेही असतात. पुष्कळ जण दोन वर्षांत सोडून परत येतात. कोरोनाच्या काळात, २०२० साली, हॉटेले बंद पडली तेव्हा अनेकांच्या नोकऱ्या गेल्या. ज्यांच्या मागे शेत होते ते गावी येऊन तगले. म्हणून शेत विकून हॉटेलची लाइन धरू नका. शेत मागे ठेवूनच पोराला पुढे पाठवा.

मुलींचे काय, हा प्रश्न दोन बहिणींनी विचारला. फ्रंट ऑफिस, किचन, हाउसकीपिंग या सर्व विभागांत मुली आहेत आणि मोठ्या पदांवरही आहेत. पाठवण्याआधी राहण्याची सोय कुठे, रात्रपाळीनंतर हॉटेलची गाडी घरापर्यंत सोडते का, आणि कायद्याप्रमाणे असावी लागणारी तक्रार समिती आहे का, हे विचारावे. विचारण्यात संकोच नको. चांगले हॉटेल या प्रश्नांना राग मानत नाही.

आणि कोणाला पाठवू नये हेही सांगतो. ज्याला माणसांचा कंटाळा येतो, जो घरातल्या पाहुण्यालाही पाणी देत नाही, त्याला केवळ नंबर कमी पडले म्हणून या लाइनला लोटू नका. त्याला गोडी असेल ते काम द्या.

आपण काय करू शकतो?

ऊस तीन एकर आणि मुले दोन, अशी आपल्या बहुतेक घरांची गत आहे. वाटणी झाली की दीड एकर. त्यानंतरच्या पिढीला पाऊण. एवढ्या तुकड्यावर बैलजोडीही पोसत नाही. एक भाऊ शेत पाहील आणि दुसरा बाहेर कमावील, तर तुकडा एकसंध राहील. हॉटेलची लाइन ही अशा बाहेरच्या वाटांपैकी एक. एकमेव नव्हे, पण आहे.

आमची एक साधी सूचना आहे. कारखान्याचे विश्रामगृह आहे, कँटीन आहे. तिथे साखर खरेदीदार, यंत्रांचे इंजिनिअर, सरकारी अधिकारी मुक्कामाला येतात. सभासदांच्या बारावी झालेल्या मुला-मुलींपैकी ज्यांना या लाइनची ओढ आहे त्यांना सुट्टीत तिथे महिनाभर काम करू द्यावे. खोली लावणे, पान वाढणे, नोंदवही ठेवणे, फोनवर बोलणे, हे सारे त्यांनी करून पाहावे. खर्च जवळजवळ नाही. महिन्याच्या शेवटी मुलाला स्वतःलाच कळेल की हे आपले काम आहे की नाही. लाखभर फी भरून दोन वर्षांनी कळण्यापेक्षा हे बरे. ही सूचना येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे यावी अशी आमची इच्छा आहे. सभासदांनी आपले मत सभेआधी पत्रिकेकडे लेखी कळवावे.

मार्कंड्याहून निघताना त्या मुलाचे वडील आमच्या जीपपर्यंत आले. एक सोयरिक सांगून येणार होती. आम्ही विचारले, "मग आता पोराचं काय सांगाल सोयऱ्यांना?"

ते थोडा वेळ नदीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "सांगू ना जी. मुंबईच्या मोठ्या हॉटेलात हाय. लोकांले जेवू घालते."

एवढेच म्हणाले, आणि पत्रावळीचा ढीग उचलायला मुलाला हात लावायला परत गेले.